कवटी नसलेला अल्बम

घाटंजीच्या शाळेत सर माझ्यासोबत जेवढी वर्षं होते, तेवढ्या वर्षांत ते एकदाच ओरडले. कधी आणि कोणावर, ते पुढे येईलच. एरवी इतका हळू बोलणारा माणूस मी पाहिलेला नाही. पत्र्याच्या छताखाली कोंबलेली पोरं, बाजाराच्या दिवशी बाहेर भोंगे, आणि हे भूमितीचं प्रमेय असं सांगायचे जसं काही शेजारच्या खोलीत कोणीतरी झोपलं आहे. आम्ही बाकीचे शिक्षक दुपारपर्यंत घसा बसवून घ्यायचो. मी जीवशास्त्र शिकवायचे. माझा आवाज तर दिवाळीच्या सुट्टीआधीच जायचा.

"सर, तुम्हाला पोरांचा राग येत नाही का?" मी एकदा विचारलं.

"येते नं मॅडम. पण ओरडणं हे रागाचं काम नाही, तालमीचं आहे. अन् तालीम मी सकाळीच करून येतो."

मला वाटलं, कुठल्या तरी व्यायामशाळेत जात असतील.

आम्ही दोघंही यवतमाळहून एसटीने ये-जा करायचो. सर काडीसारखे उंच, चष्मा जाड, केस मानेच्या खाली. हेडमास्तर दर सहामाहीला त्या केसांबद्दल बोलायचे आणि सर दर सहामाहीला "हो सर" म्हणून ते रबराने बांधायचे. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टाखाली काळा टी-शर्ट. एप्रिलच्या उन्हातही. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून, कानात इअरफोनच्या तारा घालून ते घटक चाचणीचे पेपर तपासायचे आणि पेन मधूनच गुडघ्यावर भयानक वेगाने वाजवायचे. मी एकदा म्हटलं, काय ऐकता एवढं? त्यांनी एक तार माझ्याकडे दिली.

जिनिंगच्या यंत्रात कोणीतरी लोखंडी बादली टाकली आहे आणि मालक वरून शिव्या देतोय, असं काहीतरी होतं ते. मी तार लगेच परत केली.

"पहिल्यांदा सगळ्यांना भांडणच वाटते," सर म्हणाले. "दुसऱ्यांदा ताल ऐकू येते."

याला एक्स्ट्रीम मेटल म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि सर स्वतः ते गातात, हे कळलं ते मजूर बायांमुळे.

शाळेच्या मागे एक नाला होता. सर पहिल्या एसटीने येऊन, शाळा उघडायच्या आधी तिथे उतरून तालीम करायचे. पोटातून, छातीतून, घशाच्या अगदी खालच्या तळातून आवाज काढायचे. कापूस वेचणीला निघालेल्या बायांनी तो एका सकाळी ऐकला. टिपेश्वरचं जंगल काही फार दूर नाही. वाघ आला म्हणून बाया ओरडत गावात पळाल्या, आणि काठ्या-कुऱ्हाडी घेऊन माणसं परत आली तर नाल्यात गणिताचे सर गरम पाण्याचा थर्मास घेऊन उभे. त्यातली एक म्हातारी त्यांना बराच वेळ न्याहाळत राहिली. मग म्हणाली, "आमच्या सासूच्या अंगात येत होतं तवा ते अशीच करे. तुमच्या अंगात कोन येते गुरुजी?"

"कोणी नाही आजी. मीच हाये."

"मंग ठीक हाये," म्हातारी म्हणाली आणि कामाला गेली. पुढे त्या बाया नाल्यावरून जाताना "गुरुजी, चालू द्या!" अशी हाक द्यायच्या. सर म्हणायचे, माझा पहिला चाहता वर्ग तोच.

त्यांचं घर बौद्ध. वडील भीमजयंतीच्या जलशात डफावर गायचे आणि त्यांचा आवाज माईकशिवाय तीन गल्ल्या ओलांडायचा, असं लोक सांगत. वडील गेले तेव्हा सर कॉलेजात होते. "बाबा गळ्यानं जे करत होते तेच मी करून राह्यलो," ते म्हणायचे. "त्यांचा शब्द समजत होता, माझा समजत नाही. एवढाच फरक." आई मात्र त्यांच्यासोबत होती, आणि मुलगा पक्क्या नोकरीत असूनही हंगामात वेचणीला जायची. घरी बसलं की हात दुखतात म्हणायची.

ती वर्षं आमच्या जिल्ह्याला वाईट होती. कापसाचं नाव निघालं की पुढचं वाक्य शेतकऱ्याच्या आत्महत्येचं असायचं. यवतमाळ हे नाव दिल्लीपर्यंत पोचलं ते याच कारणाने. पांढऱ्या गाड्या यायच्या, समित्या यायच्या, कॅमेरे यायचे. कोणाच्या अंगणात कोणता पुढारी गेला त्याचे फोटो छापून यायचे, आणि फोटोत त्या घरची विधवा नेहमी भिंतीला टेकून बसलेली असायची, कारण तिला तसं बसायला सांगितलेलं असायचं.

असाच एक कॅमेरा आमच्या शाळेत आला. आठवीतल्या एका मुलीचे वडील महिनाभरापूर्वी गेले होते. वाहिनीच्या माणसाला तिला वर्गात, वडिलांच्या आठवणीबद्दल बोलताना हवं होतं. हेडमास्तर हो म्हणून बसले. शाळेचं नाव दिसेल, कदाचित कोणी खोल्या बांधून देईल, असं त्यांच्या मनात असावं. तास सरांचा होता. सर दारात उभे राहिले.

"ती आज गुणाकार करून राह्यली," ते हळू म्हणाले. "बहुपदींचा. मधात सोडता येत नाही."

"फक्त पाच मिनिटं, सर. देशाला कळलं पाहिजे."

"देशाला बहुपदी येते का?"

तो माणूस हसला आणि सरांच्या बाजूने हात घालून दार ढकलू लागला. मागचा कॅमेरावाला खांद्यावर कॅमेरा चढवून तयार. मी समोरच्या वर्गातून बघत होते. सरांनी चष्मा काढला, खिशात ठेवला, आणि नाल्यातला तो आवाज त्या अरुंद व्हरांड्यात सोडला.

त्यात शब्द नव्हता. पत्रे थरथरले असं मी म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण छतावरची कबुतरं उडाली हे खरं. कॅमेरावाला दोन पायऱ्या मागे जाऊन कुंडीवर पडला. हेडमास्तर ऑफिसातून धावत आले ते दारातच थांबले. सरांनी चष्मा परत लावला, "माफ करा, शाळा चालू आहे," म्हणाले आणि दार आतून लावून घेतलं. मग पत्र्याच्या त्या वर्गातून एक हसू फुटलं. सगळी पोरं हसत होती आणि त्यात ती मुलगीही हसत होती. तिचा आवाज मला वेगळा ओळखू आला.

सरांना नोटीस मिळाली. त्यांनी त्या नोटिशीला उत्तर लिहिलं नाही, आणि संस्थेनेही पुढे काही विचारलं नाही. गणिताला दुसरा माणूस मिळत नव्हता, हे एक कारण असेल.

त्याच वर्षी अल्बम झाला. बँडमध्ये तिघंच होते. सर गाणार. राजूरचा एक तरुण गिटार वाजवणार. तो कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होता, बोटं कायम काळी, आणि वाजवायचा मात्र असा की मलाही थांबून ऐकावंसं वाटायचं. आणि ढोलवाला म्हणजे यवतमाळच्या ऑर्केस्ट्रात, लग्नांत आणि जयंतीत ड्रम वाजवणारा एक गृहस्थ, जो सरांपेक्षा वयाने मोठा होता आणि या संगीताला "तुमचं ते जोरातलं" म्हणायचा. नागपूरच्या एका स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. तिथल्या माणसाने पहिल्या गाण्यानंतर माईक बदलला. त्याला वाटलं, फाटला.

गाणी वऱ्हाडीत होती. अल्बमचं नाव 'पऱ्हाटी'. आमच्याकडे कापसाच्या झाडाला पऱ्हाटी म्हणतात.

आणि त्याचं पाकीट. या संगीतात पाकिटाला फार मान असतो. सरांकडे परदेशी सीड्यांचा मोठा साठा होता. कवट्या, सापळे, जळती चर्चं, रक्ताचे ओघळ, आणि काटेरी झुडपासारखी अक्षरं. चाहते तासन्‌तास त्यावर बोलतात. सरांनी यातलं काहीच घेतलं नाही. त्यांनी मांजरपाटाची पिशवी शिवून घेतली, आत दोन पुठ्ठ्यांमध्ये सीडी, आणि पिशवीच्या तोंडाशी एक फुटलेलं कापसाचं बोंड. कापूस, सरकी आणि वाळलेलं टोकदार कवच, सगळं जसंच्या तसं, असं टाचलेलं की त्याला हात लागल्याशिवाय सीडी निघू नये. वेचणाऱ्या बायांची बोटं त्याच टोकांनी फाटतात.

"बोट टोचलं पाहिजे," सर म्हणाले. "मग ऐका."

पिशव्या त्यांच्या आईने आणि मी शिवल्या, त्यांच्या घराच्या ओट्यावर, दिवाळीच्या सुट्टीत. आई सुरुवातीला चिडलीच. "एवढा चांगला कापूस थैलीत कायले कोंबून राह्यला?" तरी शिवत होती. एके दिवशी सरांनी सीडी प्लेअरवर तो अल्बम लावला. आईने सुई थांबवून पूर्ण गाणं ऐकलं.

"आवाज मोठा हाये," ती म्हणाली. "पन शब्द समजत नाई. गाऱ्हानं सांगाचं तं समजलं पाहिजे."

"गाऱ्हानं नाही सांगून राह्यलो, माय."

"मंग काय करून राह्यला?"

सरांनी जरा विचार केला. "नाही म्हणून राह्यलो."

"एवढा वेळ नुसतं नाई?"

"हो."

आईने दोरा दातांनी तोडला. "मंग बराबर हाये," म्हणाली आणि पुढची पिशवी घेतली.

पुण्याच्या एका मुलाने अल्बम विकायला घेतला. असे अल्बम तो देशभर पोस्टाने पाठवायचा. मग इंटरनेटवर चाहत्यांची चर्चा सुरू झाली आणि रविवारी सायबर कॅफेत जाऊन ती वाचणं हा आमचा कार्यक्रम झाला. सर ती मला मराठी करून सांगायचे, अगदी निकाल वाचल्यासारख्या सपाट आवाजात.

एकाने लिहिलं होतं, हा अल्बम आहे की दिवाळीच्या वातींचं पाकीट? दुसऱ्याच्या सीडी प्लेअरमध्ये कापसाचे तंतू अडकले होते आणि तो भरपाई मागत होता. कोलकात्याचा एक जण बोटातून रक्त आल्याचा फोटो टाकून म्हणत होता, आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या अल्बमने मला खरोखर चावा घेतला. बंगळुरूच्या एकाच्या पाकिटातून अळी निघाली. सरांनी त्याला तिथल्या तिथे उत्तर टाइप केलं: ती पाहुणी कलाकार आहे, तिला वेगळं मानधन नाही. एका परदेशी चाहत्याची पिशवी तिकडच्या कस्टमवाल्यांनी, आत बियाणं आहे आणि त्याला बंदी आहे म्हणून, जाळून टाकली. हे वाचून सर खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"मॅडम, जाळला! अल्बम जाळला आपला! आता याच्यावर कोणता मान असते?"

कॅफेवाला घाबरून बघायला आला.

शिलाँगच्या कोणीतरी सरकी कुंडीत लावली होती आणि तिला दोन पानं फुटल्याचा फोटो पाठवला होता.  तो फोटो सरांनी बराच वेळ उघडा ठेवला.

पण सगळ्यांत जास्त एकच प्रश्न होता, आणि तो वाढत गेला. कवटी कुठे आहे? तुम्ही यवतमाळचे. आमच्या बँडवाल्यांना मरण कल्पनेने काढावं लागतं, तुमच्या तर दाराशी आहे. मग कापूस काय दाखवता? घाबरलात का?

पुण्याचा तो मुलगा स्वतः यवतमाळला आला तेव्हा बॅगेत नवीन मुखपृष्ठच घेऊन आला. वाळलेलं झाड, फांदीला फास, आणि फासात फेटा बांधलेली कवटी. चित्र काढणाऱ्याचा हात चांगला होता. आम्ही सरांच्या घरी बसलो होतो, गिटारवाला आणि ढोलवालाही होते. मुलगा काही वाईट नव्हता. तळमळीने बोलत होता. "सर, म्युझिक जबरदस्त आहे, पण लोक पाकीट बघून मागे फिरतात. हे लावलं तर मोठी आवृत्ती काढतो. बंगळुरू, दिल्ली, सगळीकडे शो लावतो. यवतमाळ म्हटलं की लोक थांबतात, सर. तुम्ही तेच लपवताय."

सरांनी चित्र हातात घेतलं, उजेडात धरलं. "फेटा चुकला," म्हणाले. "आमच्याकडे असा बांधत नाहीत."

"ते बदलता येईल!"

"नाही, राहू द्या. ज्यांच्या गावात मरण कधीमधी येते त्यांनी कवट्या लावाव्या. त्यांना शोभते. माझ्या वर्गात चार पोरं अशी हायेत की ज्यांच्या घरी हे चित्र खरं झालं. मी उद्या त्यांना काय तोंड दाखवू? अन् आम्ही इथं मरूनच राह्यलो हे तुम्हाला कोणी सांगितलं? आम्ही जगूनही राह्यलो. ते कोणाच्या मुखपृष्ठावर येत नाही."

मुलाने चित्र परत घेतलं. बोलला तो राजूरचा गिटारवाला. "सर, सारं जग कवट्या लावते. त्यानं कोणाचं काय बिघडलं? तुमाले नोकरी हाये. मी खाणीत जन्मभर पान्हाच फिरवू काय? मले बाहेर जायचं हाये."

त्याचं चूक होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही. सरांनाही वाटलं नसावं. ते उठून त्याच्याजवळ गेले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "जा नं मग. तुझा हात इथं अडकून पडायचा नाही. पण या चित्रामागे माझा आवाज नाही राहणार."

तो गेला. पुढे बंगळुरूच्या एका बँडमध्ये त्याने नाव केलं, आणि तिथे कवट्या भरपूर होत्या. सरांना त्याच्या वाजवण्याचा अभिमान होता, तो ते लपवायचे नाहीत. उरलेल्या पिशव्या पुण्याच्या मुलाने खोक्यात घालून परत पाठवल्या. 'पऱ्हाटी' पुन्हा निघाला नाही. म्हणजे हिशेबाने पाहिलं तर सर हरलेच. पण मला त्यांची आठवण येते तेव्हा ती नागपूरच्या त्या दुपारची येते.

गिटारवाला गेल्यावर महिन्याभरात नागपूरच्या कॉलेजच्या पोरांनी कार्यक्रम ठेवला होता. आधीच ठरलेला. सर म्हणाले, ड्रम आणि गळा आहे, बस झालं. माझी बहीण नागपुरात, म्हणून मीही गेले. ड्रम जीपवर चढवून ते दोघं आले होते. हॉल छोटा, काळ्या टी-शर्टांनी भरलेला, आणि स्टेजच्या मधोमध वरच्या लोखंडी पाइपाला एक जाड दोर लटकत होता. खाली फास.

पोरांनी ते मोठ्या प्रेमाने केलं होतं. यवतमाळचा बँड येतोय म्हणून. त्यातला एक सरांना पाहून आनंदाने म्हणाला, "सर, तुमच्यासाठी सरप्राइज!"

ढोलवाल्याचा चेहरा उतरला. "चाला परत," तो मला म्हणाला, सरांना म्हणायची त्याची हिंमत नव्हती.

सरांनी एक स्टूल मागितलं. ते स्टेजवर नेऊन दोराखाली ठेवलं आणि त्यावर चढले. फास बरोबर त्यांच्या तोंडासमोर आला. हॉलमध्ये जो गजर झाला तो मला अजून सहन होत नाही. पोरांना वाटलं, आता हे गळ्यात घालणार. शिट्ट्या सुरू झाल्या, कोणी पायांनी ताल धरला.  वेडा माणूस आहे, काय करेल सांगता येत नाही, असंही क्षणभर मनात आलं.

सरांनी हात वर करून गाठ सोडायला घेतली.

ती घट्ट होती. नखांनी ओढून, पिळून, मध्येच हात झटकून पुन्हा लागायचे. वेळ लागत होता. गजर हळूहळू विरला. मग कुजबुज, मग काहीच नाही. मागून एक जण चिडून ओरडला, "कवटी नाही, फास नाही, मग आणलंय तरी काय?"

"थांब जरा," सर स्टुलावरूनच म्हणाले. "हात गुंतलेत."

कोणीतरी हसलं. शेवटी फास सुटला. सरांनी वरची गाठही सोडली, दोर खाली घेतला, हातावर वेटोळं करून ड्रमच्या मागे ठेवला. ढोलवाल्याने डोळे पुसले आणि काठ्या उचलल्या. मग सर गायले.

गिटार नव्हतं. ड्रमचा तो भयंकर वेग, आणि त्यावर एक माणूस अर्धा-पाऊण तास नाही म्हणत होता. मला शब्द कळत नव्हते, पण ते काय आहे ते मला ओट्यावर कळलेलं होतं. दुसऱ्या गाण्यानंतर बरीच पोरं निघून गेली. जी राहिली ती सरकत सरकत स्टेजला येऊन टेकली. ज्याने कवटी विचारली होती तो सगळ्यांत पुढे होता. त्याच्या हातात 'पऱ्हाटी'ची पिशवी होती आणि शेवटच्या गाण्याला त्याने ती डोक्यावर धरली. मग आणखी दोघा-तिघांनी धरल्या.

बाहेर आलो तेव्हा अजून ऊन होतं. जीपच्या टपावर ड्रम चढवले, आणि ढोलवाला आणलेली सुतळी शोधू लागला. ती आतच कुठेतरी राहिली होती. सरांनी त्याच्यासमोर तो दोर धरला.

"हा नको, सर," ढोलवाला मागे सरला. "हा अपशकुनी हाये."

"दोराचा काय गुन्हा, दादा? सामान बांधायले बनला तो. त्याले त्याचं काम करू द्या."

ढोलवाल्याने थोडा वेळ दोराकडे पाहिलं. मग एक टोक हातात घेतलं, दुसरं सरांनी घेतलं, आणि दोघांनी मिळून टपावरचे ड्रम आवळून बांधले.